आळशी शिंपले

“…पण बाबा, सात म्हणजे सातच ना? सव्वासात कसं चालेल?”

लतीफबाबांनी विळीवर खाडीतल्या शिंपल्यांतली एक तिसरी उघडली, आतलं मांस वाटीत टाकलं आणि शिंपला न बघताच मागं भिरकावला. तो भिंतीवर आपटून बरोबर ढिगात पडला.

“का नाही चालणार?”

“सुराचं तसं नसतं. सूर म्हणजे सूर.”

“मासे गातात का, बुवा?”

दिगंबरबुवा नाटेकर गप्प झाले. ही गोष्ट त्यांच्या बाबतीत इतक्या क्वचित घडायची, की बाबांनी विळी थांबवून जरा चव घेतली त्या गप्पपणाची.

बुवा म्हणजे खाडीच्या अलीकडच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. देव ताटकळला तरी चालेल, पण सूर केसभर हलता कामा नये, असा माणूस. भर गजरात हात वर करून झांजवाल्याला उठवून लावलेलं लोकांनी पाहिलंय. त्यातला एक झांजवाला तर अजून त्यांच्या दारावरून जाताना छत्री आडवी धरतो.

असा हा माणूस होडीत बसून, खाडी ओलांडून, टेकडी चढून, लतीफबाबा राखतात त्या दर्ग्यावर आला होता. एका हातात घरच्या पाण्याची बाटली. दुसऱ्या हातात रत्नागिरीच्या दुकानातून आणलेली काचेची नळी आणि रंगाच्या थेंबांची कुपी. पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळं झालं तर पाणी आंबट. निळं झालं तर उलट. आणि हिरवं झालं तर सात, म्हणजे ना आंबट ना कडवट, अगदी मधलं. बुवांना हिरवं हवं होतं. पोपटाच्या पंखासारखं, स्वच्छ हिरवं. बाकी रंग देवानं का केले, ते त्याचं त्याला ठाऊक.

दर्ग्याच्या ओसरीत एक मोठी काचेची टाकी होती. कुणा व्यापाऱ्यानं पोरगं तापातून उठलं म्हणून नवसाची आणून ठेवलेली, माशांसकट. तिच्यात एंजल मासे फिरत होते. पापलेटाच्या सडपातळ भावंडांसारखे, चपटे, वर-खाली लांब पर सोडलेले. टाकीच्या तळाशी वाळूऐवजी शिंपलेच शिंपले.

बुवांनी न विचारता बाबांच्या टाकीतलं पाणी नळीत घेतलं. थेंब टाकले. हलवलं.

निळं. नुसतं निळं नाही, शाईसारखं निळं.

“बाबा!” बुवांचा आवाज वरच्या पट्टीत गेला. “हे तर आठच्या घरात गेलंय! ह्यात हे मासे जगायलाच नकोत!”

“हळू बोला.” बाबांनी टाकीकडं पाहिलं. “त्यांना कुणी सांगितलेलं नाही.”

*

आता बुवा इतके का चवताळले होते, ते सांगतो.

त्यांची बायको कुमुद विहिरीपाशी शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. बाई अशी, की सगळ्या वाडीची खबर तिच्या ओट्यावरून पुढं जायची. तिला आता खिडकीतून दिसायचं काय, तर शेजाऱ्याच्या गोठ्याची मागची भिंत. म्हणून बुवांनी एक काचेची टाकी आणून तिच्या पायथ्याशी मांडली आणि बाबांकडून एंजलची पिल्लं नेली. ह्याच ओसरीतल्या टाकीतली.

कुमुदनं माशांना नावं ठेवली. म्हणजे दोन्ही अर्थांनी ठेवली. कोण खादाड, कोण चोंबडा, कुणाचं कुणाशी जमतं, सगळी नवी वाडी तिनं पडल्या पडल्या वसवली.

आणि मग मासे मरायला लागले.

मेलेला मासा पहिल्यांदा तिलाच दिसायचा. सकाळी बुवा चहा घेऊन आले की ती फक्त बोट दाखवायची.

बुवांनी कंबर कसली. कुपी आणली. पाणी निळं दिसलं की आमसुलं भिजवलेलं पाणी टाकायचे. पिवळं दिसलं की खायचा सोडा. सकाळी आमसूल, दुपारी सोडा, दिवेलागणीला परत आमसूल. मधल्या वेळात कुपी.

“माशांची सोलकढी करताय का?” कुमुदनं सुरुवातीला विचारलं होतं. “नारळ खवून देऊ?”

नंतर नंतर तिनं थट्टा करणं सोडलं. टाकीत रावसाहेब आणि वत्सला असं एकच जोडपं उरलं, आणि त्या वत्सलानं कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली. बुवा ओरडत सांगायला गेले, तर कुमुदनं भिंतीकडं तोंड केलं.

“मी नाही बघणार,” म्हणाली. “मी बघितलं की मरतं.”

ते ऐकून बुवांनी पायात चपला सरकवल्या आणि तडक होडी गाठली. ही अंडी जगवायचीच. सात म्हणजे सात. काय वाटेल ते झालं तरी.

*

“तुमच्या टाकीतलीच भावंडं ती, बाबा. सख्खी. इथं गुबगुबीत होतात, माझ्याकडं मरतात. माझं पाणी गोड. सगळी वाडी न्यायला येते. तुमच्या ह्या विहिरीच्या पाण्यात साबण घासून हात दुखतो, फेस येत नाही. असं का?”

“चहा घेता?”

“बाबा, मी विचारतोय…”

“बसा. तिथं नको, तिथं ऊन येतं. इकडं सरका.”

बुवा सरकले. बाबांनी आतून चहा आणला. बुवांनी कप तोंडाला लावला.

“इथं वारा लागतो हो. खांबापाशी सरका.”

बुवा बाटली, नळी, कुपी, छत्री आणि कप घेऊन खांबापाशी गेले. थोडा चहा धोतरावर सांडला. त्यांनी परत कप उचलला.

“खांबापाशी मुंग्या आहेत. पायरीवर या.”

“मला नाही दिसत मुंग्या.”

“त्यांना तुम्ही दिसलात. या, या.”

पायरीवर ऊन. मग चटईवर. चटईला ओल. मग परत खांब. बाबा इतक्या मायेनं उठवत होते, की चिडायला जागा नव्हती. होता तो चहा आणि तोही अर्धा धोतरावर.

“बुवा, असं करा, जरा…”

“बाबा!” कप आपटला. “एका जागी बसू द्या की हो माणसाला! ऊन तर ऊन!”

“ऊन चालेल?”

“चालेल!”

“वारा?”

“तोही चालेल! मुंग्यासुद्धा चालतील! पण काहीतरी एक ठरवा!”

खालून खाडीच्या पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता.

बाबा टाकीकडं वळले. काचेजवळ तोंड नेऊन माशांना म्हणाले, “ऐकलंत? बुवा तुमचीच भाषा बोलायला लागले.”

…

बुवांच्या हातातली नळी हळूच खाली आली.

मग त्यांनी विचारलं, पण आता खालच्या पट्टीत. “पण बाबा, मी हलवतो म्हणून पाण्याचा आकडा हलतो, की तो हलतो म्हणून मी हलवतो?”

“हां,” बाबा म्हणाले. “हा प्रश्न घेऊन आला असतात, तर चहा पूर्ण मिळाला असता.”

त्यांनी बुवांची बाटली उचलून उजेडात धरली.

“जांभ्यातलं पाणी. गोड आहे, साधं आहे, पण पोटात काही नाही. कुणी काही बोललं की ह्याला लगेच पटतं. आमसूल म्हणालं आंबट हो, झालं आंबट. सोडा म्हणाला कडवट हो, झालं कडवट. तुम्ही काही टाकलं नाही, तरी माशांचीच घाण आहे, पाला आहे, तेही काहीबाही कुजबुजतात. तेही पटतं.”

“आणि तुमचं?”

“माझं पाणी खत्रूड. जड. साबणाचं ऐकत नाही, तर तुमच्या आमसुलाचं काय ऐकेल?”

बुवांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घाईच्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला की तो आधी हातात उतरतो. ते उठलेच.

“चुना! पानाच्या डब्यातला चुना टाकतो. जाऊन लगेच टाकतो. घट्ट होईल पाणी.”

“बसा.”

“पण…”

“चुना घाईचा. तुमच्यासारखा. एका झटक्यात सगळं करून मोकळा होईल, आणि अंडीही मोकळी होतील.” बाबांनी मागच्या ढिगातले मूठभर जुने, उन्हानं पांढरे झालेले शिंपले घेतले, फडक्यात बांधले. “हे घ्या. हे आळशी आहेत. पाणी आंबट झालं तर जरासे झिजतात, नाही तर नुसते पडून राहतात. बुवा, तुमच्या घरात एक तरी आळशी हवा.”

बुवांनी पुडकं घेतलं. बाबांनी हात तसाच पुढं ठेवला.

“काय?”

“ती कुपी.”

बुवांनी कुपी छातीशी धरली. झांजवाल्यांनी हे पाहिलं असतं तर त्यांचे सगळे अपमान फिटले असते.

“ही दिली तर मला कळणार कसं, पाणी बरोबर आहे की नाही?”

“वहिनी सांगतील.”

“ती बघत नाही, बाबा. तिनं तोंड फिरवलंय.”

बाबांचा हात काही मागं गेला नाही.

…

कुपी दिली. बाबांनी ती टाकीवरच्या फळीवर उदबत्त्यांच्या पुड्याशेजारी ठेवून दिली.

*

शिंपले टाकले. पाणी जसं होतं तसंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौलावरची काही अंडी पांढरी पडली होती. रावसाहेब कोपऱ्यात, पर मिटून, तोंड लावून उभा. बुवांचे हात शिवशिवायला लागले. ते आमसुलाच्या बरणीपर्यंत गेले. परत आले. सोड्याच्या डबीपर्यंत गेले. परत आले. शेवटी टाकीसमोर पाट मांडून आपल्याच दोन्ही हातांवर बसले.

“कुमुद.”

“हं.”

“बाबांनी कुपी ठेवून घेतली. मला आता काही कळत नाही. तू बघ.”

“मी नाही म्हणून सांगितलं ना?”

“मी हात लावणार नाही. शपथ घेतो. पण कुणीतरी बघायला हवं.”

“तुम्ही आहात की बघायला. डोळे फुटले नाहीत.”

“मी बघितलं की माझा हात जातो.” बुवांचा आवाज चिरकला. पेटीच्या भात्याला भोक पडावं तसा. “तू बघ. तुझा हात पोचत नाही.”

खाट करकरली. बाईनं दात चावले, कंबरेखाली हात दिला. बुवा उशी घ्यायला धावले, तशी म्हणाली, “बसा तिथंच. हातांवर.” आणि स्वतःच, थांबत थांबत, कण्हत, ह्या कुशीवर आली.

बघत राहिली.

“वत्सला वारा घालतेय अंड्यांना. पुढच्या छोट्या परांनी. पांढरी झालेली वेचून वेचून काढतेय.”

“आणि तो? रावसाहेब?”

“रुसलाय. घरात पुरुषांचं दुसरं काय काम असतं?”

“बघ, पर मिटलेत त्यानं. पाणी बिघडलं असणार. अगदी थोडंसं, बोट बुडवून, आमसुलाचं…”

“हात.”

“नुसता वास…”

“हात खाली. पेटी काढा आणि वाजवा काहीतरी. दोन्ही हात गुंतले पाहिजेत.”

बुवांनी पेटी काढली. सकाळी सकाळी भजन सुरू झालं. वाडीला वाटलं, कुणी गेलं की काय. दोघं-तिघं डोकावून गेले. छत्रीवाला झांजवालाही आला. दारात थांबला आणि बुवांनी चक्क त्याला आत बोलावलं. त्याची झांज नेहमीप्रमाणं मागं पडत होती. बुवांच्या कपाळाची शीर उडत होती. पण हात पेटीवरून उठला नाही. एकदा सूर सोडला, तर उठलेला हात कुठं जाईल ह्याचा भरवसा त्यांना नव्हता.

असे दिवस काढले. बुवांनी कधी पेटी वाजवली, कधी नारळ सोलले, कधी वाडीतल्या सगळ्यांच्या शेंगा फोडून दिल्या. टाकीत हात घातला नाही. कुमुद खाटेवरून खबर देत होती आणि कुणाला तरी खबर द्यायची असल्यामुळं हळूहळू उशीवर उंच बसायला लागली होती.

एका दुपारी तिनं भरल्या ताटावरून त्यांना उठवलं.

“अहो! शेपट्या!”

“कुणाच्या?”

“अंड्यांना! हलतायत! बघा तरी… नाही, थांबा! आधी हात मागं बांधा. मग या.”

बुवांनी हात पाठीमागं धरले आणि काचेपाशी वाकले. कौलावर केसाएवढ्या शेपट्यांचं एक शेत थरथरत होतं. रावसाहेब कोपरा सोडून आला होता आणि बुवांच्या नाकाकडं रोखून बघत होता, काचेवर धडक देण्याच्या तयारीनं.

“तुम्हाला हाकलतोय,” कुमुद म्हणाली. “त्याला कळलेलं दिसतंय सगळं.”

बुवांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते पाणी मात्र कुणी तपासलं नाही.

*

उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून, चिमूट चिमूट, कुमुदनंच ती पिल्लं वाढवली. बोटाच्या पेराएवढी झाली, तेव्हा ती काठी घेऊन ओट्यापर्यंत यायला लागली होती.

“पहिली जोडी दर्ग्यावर द्या,” तिनं सांगितलं. “आणि बाबांच्या पाण्यात धाडकन सोडू नका. त्यांचं पाणी खत्रूड आहे ना?”

बुवा पिल्लं डब्यात घेऊन होडीत बसले. टेकडी चढले.

लतीफबाबा ओसरीत तिसऱ्या सोलत होते. टाकीवरच्या फळीवर उदबत्त्यांशेजारी कुपी तशीच होती. तिच्यावर धूळ बसली होती.

“आलात? कुपी न्यायला?”

“कुठली?” बुवांनी विचारलं. मग त्यांना आठवलं आणि ते हसले. “राहू दे इथंच. हिला उंच जागा मानवलीय.”

शिंपला भिरकावताना बाबांचा नेम पहिल्यांदाच चुकला.

बुवांनी टाकीजवळ मांडी घातली. डबा मांडीवर घेतला. पूजेची पळी घरून आणली होती. त्या पळीनं बाबांच्या टाकीतलं पाणी घ्यायचं, डब्यात सोडायचं. मग थांबायचं. पिल्लांकडं बघायचं. मग परत एक पळी. आपल्या पाण्यातून बाबांच्या पाण्यात जाताना त्या जिवांना कळूही नये, इतकं हळू.

तिसऱ्यांची वाटी भरली. बाबा हात धुऊन आले. बुवांचं आपलं चाललेलंच होतं.

“रात्र करणार का?”

“होईल तेव्हा होईल.”

ऊन कलतं झालं आणि ओसरीत शिरलं. आधी बुवांच्या गुडघ्यावर आलं, मग छातीवर, मग थेट तोंडावर. डोळे बारीक झाले. कपाळावरून घामाची धार निघाली आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबायला लागली.

“बुवा,” बाबा खांबाला टेकून म्हणाले, “ऊन आलं. इकडं सरका.”

“नको.”

“इथं छान सावली आहे.”

“हलवलं तर हे घाबरतील, बाबा. आताच कुठं जरा बसलेत.”

“मुंग्याही आहेत तिथं.”

“असू देत.”

पळी उचलली. सोडली. थांबले. डब्यातली पिल्लं परांची हालचाल न बदलता एका जागी तरंगत होती.

…

बाबा उठले. खुंटीवरची हिरवी चादर काढली. बुवांच्या आणि उन्हाच्या मधे येऊन ती दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली. बुवांवर सावली पडली, ऊन बाबांच्या तोंडावर गेलं.

“बाबा, तुम्ही कशाला…”

“बघा तिकडं,” लतीफबाबा म्हणाले. “आज मी सरकतो.”